जीभ बाहेर, दार उघडं

"कुलूप उघडायचं नाहीये. नुसतं बघायचंय."

असं सांगणारं गिऱ्हाईक मला २३ वर्षांत पहिल्यांदा भेटलं. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीजवळ आमचं सहा फुटी दुकान आहे. आधी बाबा बसायचे, आता मी बसतो. माणूस आमच्याकडे येतो तो घायकुतीला आलेला असतो. चावी आत राहिली, गॅसवर दूध आहे, लवकर चला. त्यामुळे माझ्या हाताला एकच वळण लागलंय, कुलूप दिसलं की उघडायचं.

फोनवरचे गृहस्थ विमा कंपनीनं नेमलेले सर्व्हेअर होते. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत सोफे बनवणारा गाळा रात्री जळाला होता. फोम, रेक्झिन, प्लाय, थिनर, म्हणजे आगीला पंगतच वाढलेली. मालकाचं म्हणणं, सगळी दारं कुलूपबंद होती, कुणीतरी मागच्या दारानं आत शिरून आग लावली. पोलिसांचा संशय एका पॉलिशवाल्या पोरावर, कारण मागच्या दाराची दुसरी चावी त्याच्याकडे असायची आणि आठच दिवसांपूर्वी पगारावरून त्याचं शेठशी वाजलं होतं. विमा कंपनीचा संशय कुणावर होता ते कुणी बोललं नाही, पण न बोलताही कळत होतं. बाहेरच्यानं लावली तर पैसे द्यावे लागतात, मालकानं स्वतः लावली तर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. जळकी जागा मी आधी पाहिली नव्हती असं नाही, पण आत पाऊल टाकायची पहिलीच वेळ. पाणी अजून साचलेलं होतं. जळक्या फोमचा वास घशात चिकटतो आणि घरी जाऊन आंघोळ केली तरी जात नाही. सर्व्हेअर साहेबांबरोबर एक मॅडम होत्या. शिक्षणानं केमिकल इंजिनियर, काम आगींचा तपास. डोक्याला हेल्मेट, गळ्यात कॅमेरा आणि कमरेच्या पाऊचमध्ये दाताचे डॉक्टर वापरतात तो छोटा आरसा. पोलिसांतर्फे एक हवालदार, पंच म्हणून समोरचा चहावाला आणि शेजारच्या गाळ्याचा सुपरवायझर. मालक कोपऱ्यात उभे, तीन दिवसांत झोप न झालेल्या माणसासारखे.

पहिली चूक मी पहिल्या दहा मिनिटांत केली. पुढच्या शटरची दोन कुलपं. डाव्या बाजूचं जागेवर लटकत होतं, उजव्या बाजूचं कडी तुटून खाली पडलेलं. मी वाकलो आणि नेहमीसारखं डाव्या कुलपाचं झाकण अंगठ्यानं सरकवलं. "काका!" मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की चहावाला दचकला. काजळीवर माझ्या अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता. मला वाटलं आता घरी पाठवतात. त्यांनी शांतपणे त्याचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'डावे शटर, झाकणावर अंगठ्याचा ठसा, चावीवाले काका, ११.४०.' मग म्हणाल्या, "चूक झाली तरी चालते, लपली तर नाही चालत. आता हात खिशात."

पुढचा तासभर माझे हात खरंच खिशात होते. माझ्या पिशवीत तेलाचा स्प्रे, ग्रेफाइट, पकड, कोऱ्या चाव्या सगळं होतं. त्यातलं काहीही वापरायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तेल घातलं की काजळी सुटून वाहून जाते. चावी घातली की आतल्या पिना हलतात. ब्रश मारला तर उरलंच काय. आगीनं त्या कुलपावर जे लिहिलंय ते एकदाच वाचता येतं आणि कुलूप उघडणारा माणूस ते सगळ्यात आधी पुसतो, म्हणजे मी.

उजवं कुलूप तुटलेलं पाहून हवालदारांनी पहिल्याच दिवशी 'शटरचे कुलूप तोडलेले' असं लिहून ठेवलं होतं. हे मात्र माझ्या ओळखीचं काम. भिंग घेतलं आणि जमिनीवर बसून, हात न लावता पाहिलं. कडी दोन्ही बाजूंनी चिमटून, मधे धार येऊन तुटली होती. म्हणजे बोल्ट कटर. करवत नाही, पहार नाही. बाकीच्या कडीवर काळा थर होता. तुटलेल्या तोंडावर मात्र तो थर नव्हता, फक्त कोवळा तांबूस गंज. आगीतून निघालेल्या लोखंडावर पाणी मारलं की उघड्या भागावर काही तासांत असा गंज धरतो. तोंडाच्या कडेला काजळी कापली जाऊन आत दबलेली दिसत होती. काजळी आधी बसली, कटर नंतर चालला, एवढा त्याचा अर्थ. म्हणजे चोर नव्हे, अग्निशमनवाले. सर्व्हेअर साहेबांनी फायर स्टेशनला फोन करून विचारलं. "हो, आम्हीच कापलं. एकच कापलं आणि शटर खालून वाकवून वर केलं." खाली शटरची पट्टी वाकलेली होतीच.

हवालदारांना ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं. पुढून कुणी आलं नाही. राहिलं मागचं दार.

मागे लोखंडी चौकट, पत्रा वाकवून बनवतात तशी, हिरव्या ऑइलपेंटची. तिला प्लायचं फ्लश दार, आत उघडणारं. दाराचा वरचा भाग जळून गेला होता, मधला कोळसा झाला होता आणि कमरेच्या खाली बरंचसं शाबूत. बिजागऱ्यांवर लटकून होतं. अग्निशमनवाल्यांनी विझवताना आतून ते पूर्ण उघडलं होतं, त्यामुळे दार सापडलं ते सताड उघडं. आगीच्या वेळी ते कसं होतं, हा प्रश्न.

दारात मॉर्टिस लॉक होतं, म्हणजे दाराच्या जाडीत खोबण करून बसवलेलं कुलूप. बाहेरून चावी, आतून फिरवायचा नॉब. वर हँडल, त्यानं लॅच चालतो, म्हणजे दार ढकललं की आपोआप अडकणारी खिट्टी. खाली बोल्ट. बाबा बोल्टला जीभ म्हणायचे आणि मीही तेच म्हणतो. 'जीभ बाहेर, म्हणजे दार बंद' हा त्यांचा हिशेब.

मॅडमनी विचारलं, "आधी धातू सांगा कुठला कुठला आहे." आतलं हँडल झिंकचं होतं. 'होतं' म्हणायचं कारण दारावर त्याचा फक्त सांगाडा राहिला होता आणि बाकीचं खाली फरशीवर वितळून थापडीसारखं गोठलं होतं. ही जस्ताची मिश्रधातू ३८०-३९० अंशांच्या आसपासच पाणी होते. आतला नॉबही तसाच गेलेला. चावी जिथे घालतात तो मधला सिलिंडर पितळेचा, तो जसाच्या तसा. पितळ वितळायला ९०० च्या वर जावं लागतं. दाराच्या वरच्या व्हेंटिलेटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मात्र ओघळली होती. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. म्हणजे वर ६६० च्या पुढे, कमरेच्या उंचीला चारशेच्या पुढे पण पितळेच्या खूप अलीकडे. कुलूपवाल्याला तापमान असं मोजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही हे धातू रोज हाताळतो, पण 'हलकं', 'टिकाऊ', 'डुप्लिकेट' एवढ्याच भाषेत.

एक सावधगिरी मॅडमनी तिथेच सांगितली. पितळेवर किंवा तांब्यावर वितळलेलं जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम पडलं की दोन्ही मिळून नवीनच मिश्रण होतं आणि ते कमी उष्णतेतही वितळतं. नवशिका बघतो आणि म्हणतो, बापरे, तांबं वितळलंय, इथे पेट्रोल असणार. इथे तसं काही नव्हतं. पण माझ्या डोक्यात ते बसलं. नुसती वितळलेली वस्तू पाहून काही बोलायचं नाही, तिच्यावर काय सांडलं तेही बघायचं.

बाहेरचं हँडल नुसतं काळवंडलं होतं. आत वितळलं, बाहेर काळवंडलं. आग आत होती, हे सांगायला मात्र कुणी तज्ज्ञ लागत नाही.

मग मी दाराच्या कडेला वाकलो आणि पाहिलं. जीभ बाहेर होती. चांगली सेंटीमीटरभर, चावीच्या एका फेरीइतकी. हे कुलूप दोन फेऱ्यांचं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कुलूप लावलेलं होतं."

मालकांचा चेहरा उजळला. "मी सांगतच होतो! मी स्वतः लावलं होतं. दोनदा फिरवून." हवालदारही खूश. कुलूप लावलेलं, फोडल्याची खूण नाही, म्हणजे चावीनं उघडून आत आलेला आणि जाताना पुन्हा लावून गेलेला. म्हणजे पॉलिशवाला. तो पोरगा दोन दिवस चौकीत बसून होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काका, कुलूप कशात लावलेलं होतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"जीभ बाहेर आहे. ती कशात गेली होती?"

चौकटीत, मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. चौकटीकडे मी पाहिलंच नव्हतं. २३ वर्षं कुलपं उघडतोय आणि कुलपाचा दुसरा अर्धा भाग समोरच्या चौकटीत असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गिऱ्हाईक बोलावतं ते दारासाठी. चौकट उघडायला कुणी बोलावत नाही.

तेवढ्यात चहा आला आणि मॅडमनी एक गोष्ट सांगितली. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. अ‍ॅश बिल्डिंगच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा ब्लाउज शिवायचा कारखाना. आग लागली आणि १४६ माणसं गेली, बहुतेक कोवळ्या वयाच्या स्थलांतरित मुली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा उघडलाच नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. काही दिवसांनी त्या मजल्याच्या ढिगाऱ्यातून एक जळकं कुलूप निघालं, जीभ बाहेर असलेलं. डिसेंबरमध्ये दोन्ही मालकांवर मनुष्यवधाचा खटला चालला तेव्हा सरकारी पक्षानं ते कुलूप ज्युरीसमोर ठेवलं. बचावाचा वकील त्यावर तुटून पडला. हे त्याच दाराचं कशावरून? ते सापडेपर्यंत किती हातांतून गेलं? शेवटी २७ डिसेंबर १९११ ला मालक सुटले. दार बंद होतं एवढ्यानं भागत नव्हतं, ते बंद आहे हे मालकांना त्या वेळी माहीत होतं, असं सिद्ध व्हायला हवं होतं.

"म्हणजे कुलूप खोटं ठरलं?" मी विचारलं.

"कुलूप एकटं पडलं," मॅडम म्हणाल्या आणि पेपरकप पिशवीत टाकून उठल्या.

चौकटीवर मग दीड तास गेला. जिभेसाठी चौकटीत जी आयताकृती खाच असते तिच्यात त्यांनी तो दातांचा आरसा धरला आणि मला टॉर्च मारायला लावला. आतली मागची बाजू मखमलीसारखी काळी होती. सगळीकडे सारखी काजळी. जीभ आत बसलेली असती तर ते भोक बुजलं असतं, काजळीला आत जायला एवढी वाट मिळाली नसती आणि जिभेची चारही अंगं व टोक झाकलेलं राहिलं असतं.

मग पुन्हा जीभ. आता मी ती वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. आतल्या, म्हणजे आगीकडच्या अंगाला काळी. वर काळी, खाली काळी. टोकही काळं. चौथ्या अंगाला, बाहेरच्या बाजूच्या सपाटीवर, टोकाकडे एक पट्टी होती, करंगळीच्या नखाएवढी रुंद. तिथे काजळी नव्हती. पोलाद निळसर झालेलं, पण उघडं. हा रंग मला माहीत आहे. छिन्नीला पाणी देताना पोलाद आधी २२०-२३० अंशांना गवती पिवळं होतं आणि तीनशेच्या सुमारास निळं. ती पट्टी तापली होती, पण तिथे धूर पोचला नव्हता. काहीतरी तिला चिकटून उभं होतं.

"चौकटीची आतली कड बघा," मी म्हणालो. ही माझ्या बाजूनं पहिली खरी सूचना. खाचेच्या शेजारी, चौकटीच्या आतल्या अंगाला, जळून फोड आलेल्या रंगात एक हिरवा चौकोन शिल्लक होता. जिभेच्या उंचीइतका उंच आणि नखाएवढा रुंद. आजूबाजूचा रंग काळा, तेवढाच हिरवा.

जीभ खाचेत नव्हती. ती खाचेबाहेर, चौकटीच्या आतल्या कडेला टेकून उभी होती.

म्हणजे दार उघडं होतं, इंच-सव्वा इंच. जीभ बाहेर काढून ठेवली की दार लागत नाही, तिच्यावर अडून राहतं. हे मी शेकडो घरांत पाहिलंय. कचरा टाकायला बाहेर पडताना, गच्चीवर पापड वाळत घालताना बायका हेच करतात, वाऱ्यानं दार लागू नये म्हणून. मीसुद्धा करतो.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मॅडम मात्र बिजागऱ्यांकडे गेल्या. दार उघडं असेल तर बिजागऱ्यांची एकमेकींना लागणारी आतली पानं धुरात सापडतात आणि काळी होतात. बंद असेल तर ती स्वच्छ राहतात. आमच्या बिजागऱ्यांची पानं जवळपास स्वच्छ होती.

माझी टाळी हवेतच राहिली. बिजागरी म्हणते बंद, जीभ म्हणते उघडं.

सर्व्हेअर साहेबांनी खिशातून पेन काढून माझ्याच बिलबुकाच्या मागे आकृती काढली. दार अडीच फूट रुंद. कुलपाकडे इंचभर फट म्हणजे बिजागरीशी जेमतेम दोन अंशांचा कोन. एवढ्या कोनात पानं एकमेकांपासून केसभर सुटतात, त्यात धूर शिरायला जागाच नाही. दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. दार बंदही नव्हतं आणि उघडंही म्हणता येत नव्हतं. लांबून पाहणाऱ्याला ते बंदच दिसलं असतं. वितळलेल्या हँडलची थापडीही उंबऱ्याला अगदी लागून होती, तेही या हिशेबात बसत होतं.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. हँडल असताना जीभ कशाला बाहेर काढायची? दार लागलं तरी हँडल दाबलं की लॅच सुटतो. मी बाहेरचं हँडल बघायची परवानगी मागितली. फोटो झाले, मग मॅडमनी हातमोजे दिले आणि फक्त भिंगानं बघा म्हणाल्या. हँडलच्या मानेला खालून एक बारीक स्क्रू असतो, तो आतल्या चौकोनी दांड्याला धरून ठेवतो. तो स्क्रू नव्हता. आगीत तो जाणार नाही, आणि बाहेरच्या बाजूला तर नाहीच. भोकात वाळलेली पॉलिश होती, आतपर्यंत गच्च बसलेली. कित्येक आठवड्यांची. म्हणजे बाहेरून हँडल दाबलं तर ते नुसतंच फिरत असणार. बाहेर गेलेल्याला आत यायला दार बडवावं लागत असणार.

मी मालकांना विचारलं, "शेठ, हे हँडल कधीपासून ढिलं होतं?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवाळीपासून. तुमच्यासारख्याला बोलवायचं राहूनच गेलं."

पाच रुपयांचा स्क्रू. त्यांच्या मिस्त्रीला बोलावलं तेव्हा त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. संडास मागे आहे, पॉलिशच्या वासानं पोरं दर अर्ध्या तासानं बाहेर जातात, म्हणून आतला नॉब एकदा फिरवून जीभ बाहेर ठेवतात. चौकटीवर तो हिरवा चौकोन होता त्याच्या आसपास रंगाखाली बारीक बारीक खड्डे होते, टेकून टेकून पडलेले. ते आम्ही आधीच मोजायला घेतले होते आणि तिसाच्या पुढे सोडून दिले होते.

मालक खोटं बोलत होते का? मला तसं वाटत नाही. ते पुढून शटर लावून निघाले आणि मागचं दार लांबून पाहिलं. बंद दिसलं. 'मी लावलं' हे त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, कारण ते रोज लावतात. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं 'चावी मी इथेच ठेवली होती' असं याच खात्रीनं सांगतात.

यापुढचं काम सुताराचं. मला वाटलं स्क्रू काढून कुलूप बाहेर घेऊ. नाही. कुलपाच्या भोवतीचं लाकूड चौकोनात कापलं, जिभेला धक्का न लावता, आणि कुलूप लाकडासकट निघालं. चौकटीचा खाचेचा तुकडाही कापला. दोन्ही कागदात गुंडाळून वेगवेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. प्लास्टिक नको, ओल धरून एका रात्रीत गंज चढतो. पंचांच्या सह्या, मालकाची सही, माझी सही, लाखेचं सील. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आल्यापासून जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे हवालदार मोबाइल धरून उभे. लाख वितळवायला चहावाल्याचा स्टोव्ह आणला. जळलेल्या गाळ्यात पुन्हा ज्योत पेटवताना सगळे एकदम गप्प झाले.

आठवड्यानं कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे एक्स-रे काढणाऱ्या एका ठिकाणी दोन्ही खोकी घेऊन गेलो. तिथे इंजिनाचे भाग तपासतात, कुलूप पहिल्यांदाच आलं म्हणून त्यांची दोन माणसं जास्त जमली. कुलूप न उघडता आत काय आहे ते पाहायचं होतं. पडद्यावर आतलं सगळं करड्या सावल्यांत दिसलं. सिलिंडरमधल्या पिना रांगेत, वरच्या स्प्रिंगा बसलेल्या. उष्णतेनं त्यांचं पाणी उतरलं होतं, त्या आखडून निम्म्या झाल्या होत्या. तुटलेल्या चावीचा तुकडा नाही, वेडीवाकडी पिन नाही. जीभ ढकलणारा आकडा पहिल्या फेरीच्या घरात. दुसरी फेरी झालेलीच नव्हती. "मी दोनदा फिरवतो," असं शेठ म्हणाले होते.

पॉलिशवाल्याच्या चावीचं काय? काहीच नाही. जीभ आतल्या नॉबनं निघते, त्याला चावी लागत नाही, आणि ज्या दाराला इंचभर फट आहे ते उघडायलाही लागत नाही. वसाहतीतून जाणारा कुणीही आत जाऊ शकला असता. कुणी गेलं की नाही, आग कुणी लावली की विजेच्या बोर्डावरून लागली, हे कुलूप सांगू शकत नव्हतं आणि मॅडमनी माझ्या तोंडातून ते वदवूनही घेतलं नाही. मी एकदा बोलून गेलो, "म्हणजे पोरगा निर्दोष." त्या म्हणाल्या, "तसं लिहू नका. त्याची चावी इथे पुरावा होत नाही, एवढं लिहा." पोराला तोवर सोडलं होतं.

अहवाल लिहायच्या आधी माझं समाधान होत नव्हतं. दुकानात त्याच जातीचं एक जुनं कुलूप होतं. ते व्हाइसमध्ये पकडलं, जीभ एक फेरी बाहेर काढली, तिच्यावर लोखंडी अँगल टेकवला आणि खाली रॉकेलची चिमणी धरली. आमच्याकडे ती अजून आहे, चावीवर ठसा घ्यायला तिचीच काजळी लागते. दहा मिनिटांत जीभ काळी. अँगल काढला. टोकाशी तीच पट्टी, तेवढीच रुंद. मग जीभ पुसून ती अँगलच्या भोकात घातली आणि पुन्हा धूर दिला. या वेळी जीभ जवळजवळ कोरी निघाली. दोन्हीचे फोटो जोडले. बायको म्हणाली, "दुकानाचं छत काळं केलंस." केलं होतं खरं.

माझं टिपण दीड पान झालं. ते कुलूप आजतागायत उघडलेलं नाही. उघडायचं तर सगळ्या बाजूंच्या लोकांना बोलावून, त्यांच्यासमोरच, कारण एकदा सिलिंडर फिरला की पिना खाली येणार आणि मग ते कुलूप पुन्हा तसं कधीच होणार नाही. ते सीलबंद खोक्यात आहे.

बिल मी लावलं. महिन्याभरानं विमा कंपनीच्या हिशेब खात्यातून ते परत आलं. वर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'कामाचा तपशील: कुलूप उघडले का? उघडल्याचा पुरावा जोडावा.' मी खाली लिहिलं, 'उघडले नाही. पाहिले.' आणि पुन्हा पाठवलं. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा सर्व्हेअर साहेबांनी स्वतः पत्र जोडलं, तेव्हा कुठे चौथ्या महिन्यात पैसे आले, टीडीएस कापून.